लेकीनं विचारलेला प्रश्न ज्ञानदेवांनीही विचारला होता

पत्र

ताई, नमस्कार. मी निपाणी तालुक्यातल्या एका खेड्यातला शेतकरी. आमच्या घरात माळ आजोबांपासून आहे. गावात दरवर्षी सप्ता बसतो, पारायणाची निम्मी व्यवस्था माझ्याकडं असते. थोरली लेक धारवाडला तत्त्वज्ञान घेऊन एम. ए. करते. यंदा ती सप्त्याला घरी होती. एका रात्री कीर्तन झाल्यावर महाराज चहाला बसले होते. गावातली मोठी माणसं समोर होती. तेवढ्यात तिनं विचारलं, "महाराज, सगळं ब्रह्मच आहे आणि ब्रह्म म्हणजे शुद्ध ज्ञान, तर मग अज्ञान झालं कुणाला? ते राहतं कुठं?" महाराज हसले आणि म्हणाले, "बाळ, शंका काढू नये, भाव ठेवावा." यावर ती म्हणाली, "पण हे उत्तर झालं नाही." माझी मान खाली गेली. घरी आल्यावर मी तिला नको नको ते बोललो. शिकून शहाणपण आलं नाही, असंही म्हणालो. जाताना ती म्हणाली, "तत्त्वज्ञ म्हणून तुमच्या सगळ्या महाराजांपेक्षा ह्यूम मोठा." हा ह्यूम कोण ते मला माहीत नाही. आता ती फोन करते तो आईलाच.

माझं म्हणणं एवढंच, की ज्यांच्या मागं लाखो माणसं शेकडो वर्षं पंढरीची वाट चालतात ते थोर नव्हेत काय? आणि बोले तैसा चाले तोच थोर, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. थोर तत्त्वज्ञ म्हणायचं तरी कुणाला, ते एकदा नीट सांगा. लेकीशी बोलणं कसं सुरू करू, तेही सांगा.

उत्तर

दादा, नमस्कार.

आधी लेकीच्या प्रश्नाबद्दल बोलते. तुम्हाला तो उद्धटपणाचा वाटला. पण हाच प्रश्न, जवळजवळ असाच, माउलींनी विचारलेला आहे. ज्ञानेश्वरीत नव्हे, अमृतानुभवात. सप्त्यात पारायण ज्ञानेश्वरीचं होतं, म्हणून अमृतानुभव पुष्कळ माळकरी घरांत कपाटात असतो पण उघडला जात नाही. दहा प्रकरणांचा ग्रंथ आहे. त्यातलं सातवं प्रकरण सगळ्यांत मोठं, आणि ते अज्ञानखंडनाला दिलेलं आहे. तिथं माउली अज्ञान मानणाऱ्याला सोडतच नाहीत. अज्ञान आहे म्हणता, तर ते राहतं कुठं? शुद्ध ज्ञानातच राहतं म्हणावं, तर ही दोन एका जागी नांदणार कशी? जिथं राहतं ती जागा त्यानं पुरती अज्ञानी करून टाकली म्हणावं, तर "इथं अज्ञान आहे" हे कळलं कुणाला? आणि तिथं राहूनही त्या जागेला ते अज्ञानी करत नसेल, तर त्याला अज्ञान म्हणायचं कशासाठी? एकेक वाट बंद करत ते शेकडो ओव्या पुढं जातात.

म्हणजे तुमच्या लेकीनं त्या रात्री चहाच्या वेळी जे विचारलं, ते वारकरी संप्रदायाच्या मुळाशी असलेल्या माणसानं आपल्या स्वतंत्र ग्रंथातलं सगळ्यांत मोठं प्रकरण खर्चून विचारलं. ती संप्रदायाच्या बाहेर गेली नव्हती. उलट, त्या मांडवात त्या वेळी माउलींच्या सगळ्यांत जवळ तीच होती, असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न माउलींच्याही आधीचा आहे. गीतेच्या तेराव्या अध्यायावर भाष्य करताना शंकराचार्यांनी तो प्रतिपक्ष्याच्या तोंडी घातला आहे: ही अविद्या, म्हणजे अज्ञान, कुणाची? आचार्य म्हणतात, ज्याला दिसते त्याची. प्रतिपक्षी तेवढ्यावर गप्प बसत नाही, पुन्हा खोदतो, आणि आचार्य त्याला पुन्हा बोलू देतात. पुढं त्यांच्याच परंपरेत यावरून दोन वाटा झाल्या. वाचस्पतिमिश्र म्हणाले अविद्येचा आश्रय, म्हणजे तिची राहण्याची जागा, जीव; विवरण या टीकाग्रंथाच्या मताचे पंडित म्हणाले आश्रय ब्रह्मच. रामानुजाचार्यांनी श्रीभाष्यात अविद्येच्या कल्पनेवर सात आक्षेप घेतले, त्यांतला पहिलाच आश्रयाचा: ती राहते कुठं? हे रामानुजाचार्य पुढं कर्नाटकातच मेलुकोट्याला राहिलेले. म्हणजे शंकराचार्यांपासून माउलींपर्यंत निदान पाचशे वर्षं भारतातली सगळ्यांत धारदार डोकी या एका प्रश्नाभोवती झुंजत होती. निपाणीकडच्या एका गावातली मुलगी तिथं आपल्या बुद्धीनं पोचली, याचा तुम्हाला खरं तर अभिमान वाटायला हवा होता.

महाराजांनाही मी दोष देणार नाही. दोन-अडीच तास उभं राहून कीर्तन केल्यावर असा प्रश्न समोर आला तर कुणीही टाळेल. भावाचं महत्त्व मी नाकारत नाही. पण भाव ठेवा हे या प्रश्नाचं उत्तर नाही, हे तिचं म्हणणं बरोबर होतं. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्यांनीही गार्गीला बजावलं होतं की अतिप्रश्न करू नकोस, डोकं गळून पडेल. गार्गी त्या वेळी गप्प बसली, पण थोड्या वेळानं त्याच सभेत उठून तिनं आणखी दोन प्रश्न विचारले. तिला दटावलेलंही उपनिषदानं लिहून ठेवलं आणि तिचं पुन्हा उठणंही. दोन्हींतलं काही झाकलं नाही.

आता तुमचा मोठा प्रश्न. तुम्ही दोन मापं दिली आहेत, मागं चालणारी माणसं आणि वागणूक. लेकीचं माप तिसरं दिसतं, युक्तिवादाची धार.

गर्दीचं माप मी सरळ बाजूला ठेवते, आणि तसं करताना तुकोबांचाच आधार घेते. खरं काय आणि खोटं काय याला त्यांनी आपल्या मनाची साक्ष ठेवली, बहुमत मानलं नाही, हे त्यांनीच सांगितलं आहे आणि तो अभंग तुम्हाला पाठ असेल. लाखो माणसं वारीला जातात ती प्रेमानं जातात, आणि ते प्रेम ही फार मोठी गोष्ट आहे. पण एखादा विचार किती खोल आहे ते त्यातून कळत नाही. उलटं उदाहरण परलोक न मानणाऱ्या चार्वाकांचं. त्यांच्या मागं आज कुणी चालत नाही, त्यांचे ग्रंथही जवळजवळ सगळे नाहीसे झाले. तरी चौदाव्या शतकात, विजयनगरच्या काळात, माधवाचार्यांनी सगळी दर्शनं एका ग्रंथात मांडायला घेतली तेव्हा सुरुवात चार्वाकांपासून केली. ते मत त्यांना मुळीच मान्य नव्हतं. पण परलोक आहे कशावरून, अनुमानावर विश्वास ठेवायचा कशावरून, या चार्वाकांच्या प्रश्नांना तोंड दिल्याशिवाय पुढं जाता येत नव्हतं. युरोपातल्या स्पिनोझा या तत्त्वज्ञाला 1656 साली, तो तेविशीचा असताना, त्याच्या समाजानं बहिष्कृत केलं. तो भिंगं घासून जगला, आणि त्याचा मुख्य ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, 1677 मध्ये छापला गेला. जिवंतपणी त्याच्या मागं मोजकेच मित्र होते.

वागणुकीच्या मापाबद्दल मात्र इतकं झटकन बोलता येत नाही, कारण त्यात मला अर्धं सत्य दिसतं. ते सांगायला एक माणूस तुमच्यासमोर आणते. जर्मनीत गॉटलोब फ्रेग नावाचा गणिती-तत्त्वज्ञ होता. सगळं अंकगणित शुद्ध तर्कातून उभं करता येतं हे सिद्ध करायला त्यानं आयुष्य घातलं. त्या ग्रंथाचा पहिला खंड 1893 मध्ये आला. दुसरा खंड छापखान्यात असताना, जून 1902 मध्ये, बर्ट्रांड रसेल या तरुण इंग्रज तत्त्वज्ञाचं पत्र त्याला आलं. रसेलनं विचारलं होतं: जे संच स्वतःचे घटक नाहीत अशा सगळ्या संचांचा मिळून एक संच मानला, तर तो स्वतःचा घटक आहे की नाही? आहे म्हटलं तर नाही ठरतो, नाही म्हटलं तर आहे ठरतो. फ्रेगच्या पायाभूत नियमांतून असा संच मानावाच लागत होता. म्हणजे पायातच विसंगती होती. फ्रेगनं आठवड्याभरात उत्तर लिहिलं. त्यानं पळवाट काढली नाही, पत्र दडवलं नाही, रसेलला तू कोण विचारणारा असंही म्हणाला नाही. आपला पाया हादरला हे त्यानं कबूल केलं, आणि 1903 मध्ये दुसरा खंड आला तेव्हा त्याच ग्रंथाला पुरवणी जोडून ती अडचण जगासमोर ठेवली. त्यानं एक दुरुस्तीही सुचवली, ती टिकली नाही. पुढं त्याला आपला मूळ बेतच सोडावा लागला. रसेलनं साठ वर्षांनी लिहिलं, की सत्याशी इतकं इमान राखल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, बघा, वागणूकच मोजली की. हो, पण कुठली? त्याच फ्रेगच्या 1924 च्या डायरीत ज्यू माणसांबद्दलचा द्वेष लिहिलेला सापडतो. तो वाचताना अंगावर काटा येतो. माणूस म्हणून मी त्याला थोर म्हणणार नाही. तरी तत्त्वज्ञ म्हणून तो थोर आहे, आणि ते थोरपण त्या जूनच्या आठवड्यात दिसतं. तेव्हा वागणुकीतला एकच भाग तत्त्वज्ञाच्या थोरपणात धरावा असं माझं मत आहे. आपलं म्हणणं कोसळवणारा प्रश्न समोर आला तेव्हा तो माणूस कसा वागला, एवढाच. बाकीच्या वागणुकीवरून माणूस चांगला की वाईट ते ठरवा, जरूर ठरवा. पण त्याचा हिशेब वेगळा ठेवा.

आता माझं माप तुम्हाला कळलंच असेल. आपलं सगळं म्हणणं पाडू शकेल असा प्रश्न जो स्वतः शोधून काढतो, तो प्रतिपक्ष्यालाही जमला नसता इतक्या ताकदीनं मांडतो आणि मग त्याच्यासमोर उभा राहतो, तो थोर तत्त्वज्ञ. तुमच्या भागात तालमी आहेत, जत्रेला फड भरतात. जन्मभर कच्चे जोड घेऊन चितपट करणाऱ्याला तिथं कुणी मोठा पैलवान म्हणत नाही. आपल्याकडच्या जुन्या ग्रंथांत पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचं म्हणणं, आधी लिहायची रीत आहे ती याचसाठी. पूर्वपक्ष किती नेटका लिहिलाय ते बघावं. दुबळा पूर्वपक्ष उभा करून त्याला पाडणारे पंडित ढीगभर झाले, त्यांची नावं आज कुणाला आठवत नाहीत.

जवळचं उदाहरण हवं तर बेळगावच्या किल्ल्यातली कमल बसदी, ते जुनं जैन मंदिर, तुम्ही बघितली असेल. तेराव्या शतकाच्या सुरुवातीची आहे. तुमच्या निपाणी-चिकोडी भागात जैन शेजारी पुष्कळ. त्यांच्या दर्शनात अनेकान्त म्हणून विचार आहे: वस्तूला अनेक बाजू असतात, म्हणून कुठलंही विधान एका अपेक्षेनंच खरं. यावर विरोधकांचा सरळ वार असा होता की मग अनेकान्त हे तुमचं म्हणणंही एका अपेक्षेनंच खरं का? समंतभद्र या जैन आचार्यांनी हा वार चुकवला नाही. अनेकान्तालाही अनेकान्त लागू आहे, असं त्यांनी स्पष्ट म्हटलं आणि ते कसं ते सांगितलं. आपला नियम आपल्यालाच लावून बघायला छाती लागते. बहुतेक जण आपल्या सिद्धान्ताला तेवढी सूट देऊन मोकळे होतात.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. बरोबर असणं हे थोरपणाचं माप नाही. थोर तत्त्वज्ञ एकमेकांच्या इतके विरुद्ध बोलले आहेत की सगळे बरोबर असणं शक्यच नाही. शंकर आणि रामानुज दोघंही बरोबर असू शकत नाहीत, पण दोघंही थोर आहेत. त्यांनी आपल्या चुका, असल्याच तर, इतक्या स्वच्छ जागी ठेवल्या की पुढच्याला त्या शोधता आल्या. गूढ, गोलमाल बोलणाऱ्याची चूक सापडतच नाही. लोकांना ते खोल वाटतं. मला ती टाळाटाळ वाटते.

आता ह्यूम. हा स्कॉटलंडचा तत्त्वज्ञ, जन्म 1711. तिशीच्या आत त्यानं मोठा ग्रंथ लिहिला, 1739-40 मध्ये तो आला आणि फारसा कुणी विचारला नाही. त्याचा प्रश्न शेतकऱ्याला लगेच समजेल. मृग निघाला की पाऊस येतो असं आपण वर्षानुवर्षं बघतो. बघतो ते एवढंच, की हे झालं आणि मग ते झालं. यामुळं ते झालंच पाहिजे, अशी दोघांमधली गाठ कधी डोळ्यांना दिसली आहे का? आणि आजवर झालं म्हणून उद्याही होईल हे कशावरून? "निसर्ग बदलत नाही" म्हणाल, तर तेही आजवरच्या अनुभवावरूनच म्हणता, म्हणजे फिरून तिथंच आलात. ह्यूम म्हणाला, आपण उद्याची अपेक्षा धरतो ती सवयीनं, तर्कानं नव्हे. दोनशेऐंशीपेक्षा जास्त वर्षं झाली, या प्रश्नाचं सगळ्यांना पटेल असं उत्तर अजून मिळालेलं नाही. जर्मनीतल्या कांट या तत्त्वज्ञानं मोकळेपणानं सांगितलं की मी झोपेत होतो, ह्यूमनं जागं केलं. ते उत्तर शोधता शोधता कांटनं 1781 मध्ये, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, आपला मुख्य ग्रंथ दिला.

पण मला ह्यूम थोर वाटतो तो आणखी एका पानामुळं. आपला "मी" म्हणून जो कुणी आत आहे असं वाटतं, तो शोधायला गेलं तर सुखदुःखं, आठवणी, जाणिवा एवढंच सापडतं, त्यांना बांधणारा वेगळा कुणी सापडत नाही, असं त्यानं ग्रंथात लिहिलं होतं. 1740 मध्ये त्याच ग्रंथाच्या पुरवणीत त्यानं स्वतःच लिहिलं की हे माझं विवेचन मला पुरेसं वाटत नाही, यातून कसं सुटायचं मला दिसत नाही. त्याला कुणी अडवलं नव्हतं. त्यानंच आपली अडचण शोधली आणि छापली.

बघा दादा, तुमची लेक ह्यूमला मोठा म्हणते ते काही रागाच्या भरात फेकलेलं नाव नव्हे. पण "तुमच्या सगळ्या महाराजांपेक्षा" हे मात्र तिनं रागात म्हटलं, आणि तिथं ती चुकली. तिला ते सांगायला हवं. ती विद्यार्थिनी आहे. न वाचलेल्याशी तुलना करू नये हा तिच्या अभ्यासाचा पहिला नियम. अमृतानुभवाचं तिसरं प्रकरण तिनं वाचलं असतं तर तिला दिसलं असतं, की तिथं माउली शिवसूत्राचा दाखला देतात, गीतेतल्या श्रीकृष्णाच्या वचनाचा देतात, आणि लगेच म्हणतात की शिवांनी किंवा श्रीवल्लभांनी, म्हणजे श्रीकृष्णांनी, सांगितलं या लोभापायी आम्ही हे मानत नाही, त्यांनी सांगितलं नसतं तरी ते असंच ठरलं असतं. तेराव्या शतकात, देव आणि शास्त्र यांच्यावर अपार प्रेम करणारा माणूस हे लिहितो. देवाचा शब्दही त्यानं पुराव्याच्या जागी ठेवला नाही. माझ्या मापानं हे लिहिणारा जगातल्या कुठल्याही तत्त्वज्ञाच्या पंक्तीला बसतो, आणि कुणाची सूट न घेता बसतो.

याचा अर्थ सगळे संत तत्त्वज्ञ होते असा मी काढत नाही. तुम्हाला हे कदाचित खटकेल, पण सगळ्यांना एकच बिरुद लावून आपण त्यांचा मान वाढवत नाही. जनाबाईंचं थोरपण वेगळं, चोखोबांचं वेगळं. बुडणारी माणसं बघवत नाहीत म्हणून तळमळणारे तुकोबा माझ्या लेखी कुठल्याही तत्त्वज्ञापेक्षा लहान नाहीत. पण त्यांची मोठेपणाची जात निराळी. ज्ञानदेव मात्र दोन्हीकडं आहेत.

कन्नडमधले शरण, म्हणजे बसवण्णांच्या परंपरेतले संत, आपल्या भागात परके नाहीत, म्हणून त्यांचीही आठवण करून देते. अक्कमहादेवी कल्याणला आली तेव्हा अनुभवमंटपात, म्हणजे शरणांच्या चर्चासभेत, अल्लमप्रभूंनी सगळ्यांसमोर तिची उलटतपासणी घेतली, अशी कथा पंधराव्या शतकातल्या शून्यसंपादने या कन्नड ग्रंथात आहे. वस्त्र टाकलंस तर केसांनी अंग का झाकतेस, असे टोचणारे प्रश्न त्यांनी विचारले. ती एकेकाला उत्तर देत गेली आणि शेवटी अल्लमप्रभूंनीच तिला मान दिला. सगळ्यांसमोर विचारलेल्या प्रश्नानं त्या सभेत कुणाची मान खाली गेली नाही. कथा म्हणून धरली, तरी ती कथा जपणाऱ्या लोकांना सभा कशी असावी असं वाटत होतं ते त्यातून कळतं.

तुमची बाजू आणि लेकीची बाजू एकाच माणसात नांदू शकतात याचं उदाहरणही आपल्या या पट्ट्यातलंच आहे. गुरुदेव रामचंद्र दत्तात्रेय रानडे 1886 मध्ये जमखंडीला जन्मले. उमदीच्या भाऊसाहेब महाराजांकडून नाम घेतलं आणि ते शेवटपर्यंत चालवलं. त्याच वेळी फर्ग्युसन कॉलेजात आणि पुढं अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवलं, तिथं कुलगुरूही झाले. ग्रीक तत्त्वज्ञांवर लिहिलं, 1926 मध्ये उपनिषदांवरचा आणि 1933 मध्ये महाराष्ट्रातल्या संतांवरचा इंग्रजी ग्रंथ दिला, कन्नड संतांवरही लिहिलं. 1957 मध्ये विजापूरकडच्या निंबाळला देह ठेवला. बेळगावात हिंदवाडीला त्यांच्या नावाचं मंदिर आहे. सकाळी नाम आणि दुपारी पार्मेनिडिससारखा ग्रीक तत्त्वज्ञ, यात त्यांना काही विरोध वाटला नाही.

ते थोर तत्त्वज्ञ होते का? माझं मत सांगते, ते अनेकांना आवडणार नाही. अभ्यासक म्हणून आणि साधक म्हणून त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. पण साक्षात्काराचा अनुभव खरा की मनाचा खेळ, या आक्षेपाला त्यांनी दिलेलं उत्तर मला पुरेसं वाटत नाही. निरनिराळ्या देशांतल्या आणि काळांतल्या साधकांचे अनुभव जुळतात, यावर त्यांचा मोठा भर आहे. जुळतात एवढ्यानं ते खरे ठरतात का, असा प्रश्न उरतोच. तुमची लेक तो नक्की काढेल. काढू द्या. मी म्हणते तेच चूक आहे असंही ती दाखवून देईल, तर मला आनंदच होईल.

आता बोलणं कसं सुरू करायचं ते. फोन तुम्हीच करा, आईकडून निरोप नको. "शहाणपण आलं नाही" हे जे बोललात ते मागं घ्या, आणि मागं घेताना "पण तूसुद्धा" असं जोडू नका. तिच्या ह्यूमवाल्या वाक्याचा विषय पहिल्या फोनवर काढायचा नाही. तो तीच कधीतरी काढेल. मग सांगा की सातवं प्रकरण उघडलंय आणि तुझा प्रश्न तिथं सापडला. हे खोटं होऊ नये म्हणून फोनच्या आधी ते खरंच उघडा.

दुसरी गोष्ट, तिला म्हणा की मला ह्यूम मराठीत समजावून सांग. हे नुसतं तिला खूश करायला नव्हे. धारवाडला तिचं शिकणं बहुधा इंग्रजीत होत असेल. तो विचार घरच्या भाषेत, वडिलांना कळेल असा सांगता येतो की नाही, हे बघितल्यावरच तिला कळेल की तो तिला स्वतःला कितपत कळलाय. तुम्ही मधे मधे अडवा. कळलं नाही तर कळलं नाही म्हणा, मान डोलवू नका.

महाराजांची समजूतही घालावी लागेल, पण लोकांसमोर नको. ते पुन्हा तुमच्या भागात येतील तेव्हा एकटे जाऊन भेटा. लेकीचा प्रश्न अमृतानुभवाच्या सातव्या प्रकरणातल्या ओव्यांतला होता, यावर एकदा कीर्तनात निरूपण करा, अशी विनंती करा. चांगला कीर्तनकार अशी विनंती ऐकून सुखावतो. त्यांनी निरूपण केलं तर त्या दिवशी लेकीला गावाकडं बोलवा. नाही केलं तरी तुमच्या दोघांचं वाचन अडत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत ती येईल तेव्हा रोज थोड्या ओव्या घ्या. भाषा जुनी आहे, तेव्हा सार्थ प्रत जवळ ठेवा. ओवी तुम्ही वाचा, तुमच्या कानाला ती चाल सरावाची आहे. अज्ञान मानणाऱ्याची बाजू लेकीला घेऊ द्या आणि माउलींची तुम्ही घ्या. चार दिवसांनी बाजू बदला. तिला माउलींच्या बाजूनं बोलावं लागेल, आणि तुम्हाला त्यांच्याविरुद्ध. तुम्हाला ते जड जाईल. एखाद्या ओवीचा युक्तिवाद तिला कच्चा वाटला आणि तुम्हाला उत्तर सुचलं नाही, तर समासात पेन्सिलीनं खूण करून ठेवा आणि पुढची ओवी घ्या.